गळ्यातलं सोनं म्हातारपणी किती दिवस पुरेल?



मागच्या महिन्यात एका ग्रामसंघाच्या बैठकीत मी एक प्रश्न विचारला. साठीनंतर, हात-पाय थकल्यावर, आपला महिन्याचा खर्च कोण चालवणार? थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग मागे बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, "पेन्शन नोकरदाराला. आपल्याला आपलं गळ्यातलं. अडलं की मोडायचं." सगळ्या हसल्या, पण माना सगळ्यांनी डोलावल्या.

मी विचारलं, "मावशी, किती आहे तुमच्याकडं?"
"असंल दोन-अडीच तोळं."
"वजन कधी केलं होतं?"
"लग्नात केलं असंल की."
"आणि पावती?"
"ती सासऱ्याकडं होती."

मग बाकीच्यांनाही विचारलं. वजन आणि पावती दोन्ही सांगू शकल्या अशा बायका बोटावर मोजण्याइतक्याच निघाल्या. याच बायका गटाच्या बचतीचा, कर्जाचा, व्याजाचा हिशेब तोंडपाठ सांगतात. शंभर रुपये कमी पडले तर बैठक थांबवतात. आणि ज्या सोन्यावर सगळं म्हातारपण टाकलंय, त्याची नोंद मात्र कुठंच नाही.

म्हणून हा लेख. सोनं घेऊ नका असं मी सांगणार नाही. सोनं म्हातारपणी नेमकं काय करतं, काय करत नाही आणि ते घेताना काय बघायचं, एवढं आपण मिळून समजून घेऊ.

माझ्या आजीची बोरमाळ

आधी घरचीच गोष्ट सांगते. माझ्या आजीकडं एक बोरमाळ होती. "तीन तोळ्याची आहे, माझ्या औषधपाण्याला पुरंल," असं ती नेहमी म्हणायची. आजोबा गेल्यावर तिचं डोळ्याचं ऑपरेशन निघालं, तेव्हा माळ मोडायला नेली. मणी फोडले तर आत लाख. लाख बाजूला काढून सोनं वजनाला टाकलं, ते सव्वा तोळा भरलं. सराफानं फसवलं असं मी म्हणत नाही. बोरमाळेच्या मण्यात लाख असतेच. पण घेताना लाखेचं वजन किती, सोन्याचं किती, हे कुणी लिहून घेतलंच नव्हतं. आजी चाळीस वर्षं तीन तोळ्यांच्या भरवशावर राहिली. त्या दिवसापासून तिला औषधाच्या गोळ्यांसाठीसुद्धा काकांकडं हात पसरावा लागला. पैसे मिळायचे, नाही असं नाही. पण मागायच्या आधी ती दोन दिवस गप्प असायची, ते मी बघितलंय.

सोन्याची ताकद

सोन्यावर बायकांचा विश्वास उगीच नाही. सन २००० मध्ये दहा ग्रॅम सोनं साधारण साडेचार हजार रुपयांना होतं. २०१० मध्ये ते साडेअठरा हजारांच्या आसपास गेलं, २०२० मध्ये साधारण ४८ हजारांवर आणि २०२५ मध्ये लाखाच्या पुढं. आपल्या देशात लागणारं बहुतेक सोनं बाहेरून येतं आणि त्याचा भाव जगात डॉलरमध्ये ठरतो. त्यामुळे रुपया घसरला की आपल्याकडं सोनं महागतं. जगात युद्ध, मंदी, गडबड झाली की लोक सोन्याकडं धावतात, तेव्हाही महागतं. आपल्या रिझर्व्ह बँकेकडंसुद्धा ८०० टनांहून जास्त सोनं आहे.

म्हणजे महागाई वाढत गेली तरी लांबच्या मुदतीत सोन्याची किंमत टिकते. अडीअडचणीला त्याचे पैसेही लवकर होतात. ही त्याची खरी ताकद.

पण सोनं काय करत नाही?

पहिली गोष्ट, सोनं व्याज देत नाही. तोळाभर सोनं वीस वर्षं डब्यात ठेवलं तरी तोळाभरच राहतं. गटात टाकलेला रुपया फिरतो, व्याज आणतो, तसं सोनं करत नाही.

दुसरी गोष्ट, भाव दरवर्षी वाढतोच असं नाही. २०१२ मध्ये दहा ग्रॅमचा भाव साधारण ३१ हजार होता. २०१५ मध्ये तो २६ हजारांच्या आसपास उतरला आणि पुन्हा ३१ हजारांवर यायला २०१८ उजाडलं. सहा वर्षं! या काळात किराणा, शाळेची फी, दवाखाना काहीच थांबलं नव्हतं. ज्या ताईला २०१५ मध्ये मोडावं लागलं, तिला तोटाच झाला. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात सरकारनं सोन्यावरचं आयातशुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणलं, तेव्हाही भाव लगेच काही हजारांनी पडला होता. आपल्याला गरज कधी पडेल ते आपल्या हातात नसतं आणि त्या दिवशी भाव काय असेल तेही नसतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. म्हातारपणाचा खर्च दर महिन्याला येतो. पाटलीचा तुकडा कापून कुणी किराणा आणत नाही. मोडली तर पूर्ण मोडते. मग हातात एकदम मोठी रक्कम येते आणि घरात तिच्यावर सगळ्यांचं लक्ष जातं. मुलाची गाडी, नातीचं लग्न, बोअर, घराचं स्लॅब. मावशीच्या औषधाचा नंबर शेवटी.

आता हिशेब करू. सोपं जावं म्हणून २२ कॅरेटचा एक ग्रॅम दहा हजारांचा धरू. तीन तोळे म्हणजे तीस ग्रॅम, तीन लाख रुपये. (सराफाचा तोळा आता दहा ग्रॅमचा असतो, जुना तोळा साडेअकरा ग्रॅमच्या वर होता.) महिन्याला तीन हजार खर्च धरला तर ते शंभर महिने पुरतात. साठाव्या वर्षी सुरू केलं तर अडुसष्ट वर्षं पूर्ण झाल्यावर चार महिन्यांत संपलं. आणि आजीसारखं सव्वा तोळाच निघालं तर? सव्वा लाख, म्हणजे साडेतीन वर्षंसुद्धा नाही.

भाव वाढला तर जास्त दिवस पुरेल, हे बरोबर. पण तोवर तीन हजारांत महिना भागेल का, हेही बघायला हवं.

दागिना वेगळा, साठवण वेगळी

लग्नात, सणाला हौसेनं दागिना करावा, जरूर करावा. पण "म्हातारपणासाठी घेते" असं म्हणून जड नक्षीचा नेकलेस घेतला तर काय होतं, बघा.

दहा ग्रॅम सोनं: १,००,००० रुपये
घडणावळ १२ टक्के धरली तर: १२,००० रुपये
वरती जीएसटी ३ टक्के: ३,३६० रुपये
एकूण दिले: १,१५,३६० रुपये

दुसऱ्याच दिवशी मोडायला नेला तर घडणावळ आणि जीएसटी परत मिळत नाही. दोन टक्के घट धरली तर हातात ९८,००० येतील. म्हणजे १७,३६० रुपये गेले. सोन्याचा भाव साधारण १८ टक्के वाढेल, तेव्हा कुठं तुम्ही होता तिथं परत याल. खडे असतील तर आणखी नुकसान, कारण मोडताना खड्यांना सहसा काहीच किंमत मिळत नाही.

म्हणून साठवणीचं सोनं साधं घ्या. वेढणी किंवा नाणं. त्याची घडणावळ अगदी कमी असते. एकदम मोठं न घेता एक-दोन ग्रॅमचं घ्या, म्हणजे पुढं गरजेपुरतं एकेक मोडता येतं. बँकेतून नाणं घेणार असाल तर एक लक्षात ठेवा, बँका नाणं विकतात पण परत विकत घेत नाहीत. शेवटी सराफाकडंच जावं लागतं.

घेताना काय बघायचं?

२४ कॅरेट म्हणजे शुद्ध सोनं. २२ कॅरेटवर ९१६ लिहिलेलं असतं, म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोनं. १८ कॅरेटवर ७५० असतं. हॉलमार्कच्या दागिन्यावर तीन खुणा बघा: बीआयएसची त्रिकोणी खूण, कॅरेटचा आकडा आणि अक्षरं-अंक मिळून सहा चिन्हांचा एचयूआयडी नंबर. जिथं हॉलमार्कची सक्ती आहे, तिथं १ एप्रिल २०२३ पासून या नंबराशिवाय दागिना विकता येत नाही. मोबाइलवर 'बीआयएस केअर' ॲप घ्या, तो नंबर टाका, दागिन्याची शुद्धता आणि प्रकार समोर येतो. आपल्या गावच्या सीआरपी ताई हे दोन मिनिटांत करून दाखवतील.

दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या वस्तूला हॉलमार्कची सक्ती नाही. त्यामुळे एक ग्रॅमची वस्तू घेताना शुद्धता पावतीवर लिहूनच घ्या. आणि बाजारात 'वन ग्रॅम गोल्ड' म्हणून जे दागिने मिळतात, त्यांना नुसता सोन्याचा मुलामा असतो. घालायला छान, पण ती साठवण नव्हे. हे सांगावं लागतं, कारण एका ताईनं मला तसा हार "माझं सोनं" म्हणून दाखवला होता.

पावती पक्की घ्या. तिच्यावर सोन्याचं निव्वळ वजन, कॅरेट, त्या दिवसाचा भाव, घडणावळ, लाख-खड्यांचं वजन वेगवेगळं लिहिलेलं असावं. "पावतीशिवाय तीन टक्के वाचतील" असं कुणी म्हटलं, तर ते तीन टक्के वाचवायला जाऊन आपण पुरावा गमावतो.

सराफाकडची अकरा महिन्यांची सोन्याची भिशी बऱ्याच जणी भरतात. ती बँकेतली ठेव नव्हे, हे ध्यानात असू द्या. दुकान बंद पडलं तर पैसे अडकतात. भरायचीच असेल तर दर हप्त्याची पावती घ्या आणि मुदत संपली की लगेच सोनं ताब्यात घ्या.

मोबाइलवरचं आणि कागदावरचं सोनं

पोरं सांगतात, "आई, दहा रुपयांचं सोनं मोबाइलवर मिळतं." याला डिजिटल गोल्ड म्हणतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये सेबीनं लोकांना सावध केलं, की हे डिजिटल गोल्ड आपल्या देखरेखीखाली येत नाही. काही गडबड झाली तर दाद मागायला सेबीकडं जाता येत नाही. म्हणून म्हातारपणाची पुंजी तिथं नको.

सरकारचे सुवर्णरोखे चांगले होते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या या रोख्यांवर व्याजही मिळायचं. पण फेब्रुवारी २०२४ नंतर सरकारनं नवे काढलेले नाहीत. "सरकारी सोन्याचे रोखे देतो, पैसे द्या" म्हणत कुणी दारात आलं, तर सावध व्हा.

गोल्ड ईटीएफ आणि म्युच्युअल फंडाची सोन्याची योजना यांच्यावर मात्र सेबीची देखरेख असते. घडणावळ नाही, चोरीची भीती नाही. पण भाव उतरला की पैसे कमी होतात, हे इथंही आहेच. त्याचे व्यवहार तुम्हाला स्वतःला समजत असतील तरच तिकडं जा.

आणि चांदी?

चांदी स्वस्त वाटते, म्हणून जास्त घ्यावीशी वाटते. पण ती सोन्यापेक्षा फार जोरात वर-खाली होते, कारण तिचा बराच वापर कारखान्यांत होतो. २०११ मध्ये चांदी किलोला ७० हजारांच्या वर गेली होती. २०१५ मध्ये ती ३५ हजारांच्या आसपास, म्हणजे निम्म्यावर आली. पुन्हा ७० हजार बघायला २०२० उजाडावं लागलं. पैंजण, जोडवी, करंडा आपल्या आवडीनं घ्या. म्हातारपणाचा भार चांदीवर टाकू नका.

आधी महिन्याचं, मग सोनं

मग करायचं काय? माझं म्हणणं एवढंच आहे, आधी दरमहा येणाऱ्या पैशाची सोय करा आणि मगच सोन्याकडं वळा.

तुमचं वय १८ ते ४० असेल आणि तुम्ही आयकर भरत नसाल, तर अटल पेन्शन योजना आहे. बँकेत किंवा पोस्टात खातं असलं की सुरू होते. साठीनंतर महिन्याला १,००० ते ५,००० रुपये पेन्शन, आपण निवडू तेवढी. महिन्याला ३,००० पेन्शन हवी असेल तर हप्ता असा पडतो:

२५ व्या वर्षी सुरू केलं तर महिना २२६ रुपये
३० व्या वर्षी सुरू केलं तर महिना ३४७ रुपये
३५ व्या वर्षी सुरू केलं तर महिना ५४३ रुपये

आपल्या पश्चात तेवढीच पेन्शन नवऱ्याला मिळते आणि दोघांनंतर जमा रक्कम वारसाला. लाडकी बहीणचे १,५०० आले की त्यातूनच हप्ता बाजूला ठेवा. हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो, म्हणून खात्यात तेवढे पैसे राहू द्या. एक अडचण आधीच सांगते, हे पैसे साठीपर्यंत अडकतात. मधल्या काळाच्या गरजेसाठी गटाची बचत चालू ठेवायचीच.

चाळिशी ओलांडली असेल तर पोस्टातलं आवर्ती खातं महिना १०० रुपयांपासून सुरू होतं. पाच वर्षांनी मिळणारी रक्कम मोडायची नाही, मुदत ठेवीत टाकायची. साठीनंतर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवली तर दर तीन महिन्यांनी व्याज हातात येतं. वय ६५ आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असेल, तर श्रावणबाळ योजनेसाठी तहसील कार्यालयात चौकशी करा.

काही ताई म्हणतील, "तीस वर्षांनी तीन हजारांत काय येणार?" अगदी बरोबर. पेन्शनचा आकडा ठरलेला, तो महागाईबरोबर वाढत नाही. सोन्याची किंमत वाढू शकते, पण ते दरमहा पैसे देत नाही. एकाची उणीव दुसरं भरून काढतं, म्हणून दोन्ही हवं. म्हातारपणासाठी दहा रुपये बाजूला टाकत असाल, तर माझ्या मते त्यातले एक-दोन रुपये सोन्यात, बाकीचे पेन्शन, पोस्ट आणि बँकेत. अंगावरचं जुनं सोनंही या हिशेबात धरा. आणि कर्ज काढून सोनं घेऊ नका, अक्षय्य तृतीया असो की गुरुपुष्यामृत.

मोडण्याआधी, गहाण ठेवण्याआधी

थोड्या दिवसांची अडचण असेल तर सोनं मोडण्याऐवजी आधी गटातून कर्ज मिळतं का बघा. नाहीतर बँकेत सोनं तारण ठेवा. खासगीत तीन रुपये शेकडा म्हणजे वर्षाला ३६ टक्के व्याज. बँकेचा दर त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असतो. बँक फक्त निव्वळ सोनं मोजते. वजन, शुद्धता आणि परतफेडीची तारीख लिहिलेला कागद घेतल्याशिवाय उठू नका. तारीख चुकली तर लिलाव होऊ शकतो.

हे सोनं कुणाचं?

शेवटची गोष्ट, आणि माझ्या मते हीच सगळ्यात मोठी. लग्नात माहेरहून, सासरहून, नातेवाइकांकडून तुम्हाला मिळालेलं सोनं हे तुमचं स्त्रीधन आहे. त्यावर हक्क तुमचा. सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्ये हे स्पष्ट सांगितलं आणि २०२४ मध्ये पुन्हा सांगितलं, की नवऱ्यानं अडचणीला ते वापरलं तरी परत करण्याची जबाबदारी त्याची. स्त्रीधन अडवून ठेवणं हा २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली आर्थिक छळ धरला जातो.

घरासाठी सोनं द्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. संसार दोघांचा असतो, हे मलाही कळतं. पण द्याल तेव्हा तारीख आणि वजन लिहून ठेवा, जसं गटात कर्ज देताना लिहिता. लिहिलेलं असलं की परत मागताना आवाज चढवावा लागत नाही.

पुढच्या बैठकीपर्यंतचं काम

एक साधी वही घ्या. त्यात पाच रकाने आखा: वस्तू, निव्वळ वजन, कॅरेट, पावती आहे का, आता कुणाच्या ताब्यात आहे. जुन्या दागिन्याची शुद्धता माहीत नसेल तर हॉलमार्क केंद्रात थोडं शुल्क भरून तपासून मिळते. गटातल्या चार-पाच जणी मिळून जा, भाडं वाचेल आणि सोबतही होईल. वही बैठकीत सगळ्यांपुढं वाचायची नाही. ती तुमच्याजवळ ठेवायची. बैठकीत फक्त "झाली" एवढं सांगायचं.

आणि चाळिशीच्या आतल्या तायांनी बँक पासबुक आणि आधार घेऊन या. अटल पेन्शनचा अर्ज आपण तिथंच भरू.

त्या बैठकीतल्या मावशींनी गेल्या आठवड्यात वजन करून आणलं. लाख, मणी, दोरा वगळून एक तोळा आठ ग्रॅम. फोनवर म्हणाल्या, "कमी निघालं गं पोरी." मग थोडं थांबून, "पण आता ठाऊक तरी झालं. धाकट्या सुनेचं पेन्शनचं काय ते सांग, तिला घेऊनच येते."

या. मी वाट बघते.

तुमची,
क्षेत्र समन्वयक